सावकाश सोडलेला श्वास

सेंगकांग,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय जाई,

अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. आईचा गुडघा आता बरा आहे, सकाळी नेहमीसारखी चालायला जाते. विश्वासकाका आणि शैलाकाकू पुण्याहून आले होते, परवा परत गेले. तुझी खोली त्यांना दिली होती. तुझ्या पुस्तकांना कोणी हात लावलेला नाही.

हे पत्र आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, तुला सोपं जावं म्हणून. पण मी पंचवीस वर्षं इंग्रजीत ऑफिसचे रिपोर्ट लिहिले. त्यात काय झालं ते लिहायचं असतं, कोणी केलं ते नाही. पत्रही तसंच व्हायला लागलं, म्हणून फाडलं. शाळेतल्या हिंदीमुळे तुला अक्षरं येतात. हळूहळू वाच.

माझ्या तब्येतीचं आईने कळवलं असेल. मार्चमध्ये पाया लेबारच्या ऑफिसात मला एकदम धडधडायला लागलं, हात गार पडले. वाटलं, हार्ट. ते नीट निघालं. मग एका डॉक्टरबाईंनी दिवसातून चार वेळा लाळेचे नमुने घेतले. कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन सकाळी वर असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. माझं उतरतच नव्हतं. गाठबीठ काही नाही, पण इतकी वर्षं ऑफिसची कॉम्प्युटर सिस्टिम बंद पडल्याचे अलार्म माझ्या फोनवर येत होते, आणि शरीराने प्रत्येक आवाजाला तेच उत्तर द्यायची सवय लावून घेतली होती. कुकरची शिट्टी, दाराची बेल, तुझं हसणं.

हार्मोनचं नाव ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. दोष ढकलायला कोणीतरी मिळालं.

अलार्मची ड्यूटी मी सोडली. डॉक्टरांनी श्वासाच्या वर्गाला जायला सांगितलं, म्हणून दर शनिवारी सकाळी सेम्बावांगला जातो. शिकवणारे कोह अंकल सत्तरीचे आहेत, शिपयार्डात पाणबुडे होते. जहाजाच्या पोटाखाली गढूळ पाण्यात काम. घाबरलं की माणूस भराभर श्वास घेतो आणि टाकीतली हवा निम्म्या वेळात संपते, असं ते सांगतात. पहिल्या दिवशी मी छाती फुगवून बसलो, तर पाठीवर हात ठेवून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "इन इज ईझी, लाह. आउट, यू मस्ट लर्न."

चार आकडे मोजत घ्यायचा, आठ मोजत सोडायचा. मग वीस मिनिटं नुसतं बसायचं. विचार आला की आला म्हणायचं आणि पुन्हा श्वासाकडे यायचं. पहिले दोन महिने मला फक्त राग आला. तिसऱ्या महिन्यात झोप लागायला लागली. ऑगस्टमध्ये पुन्हा तपासलं, संध्याकाळचा आकडा बराच खाली आलाय.

पण बसल्यावर दर वेळी तोच शनिवार समोर यायचा. दोन हजार बावीसचा नोव्हेंबर. तू सोफ्यावर मैत्रिणीशी फोनवर हसत होतीस. मी टेबलाशी मीटिंगमध्ये होतो, सकाळपासून सहावा अलार्म. मी उठून तुझा फोन ओढला आणि भिंतीवर फेकला.

भिंतीवर नाही. तुझ्यावर फेकला. भुवईवर लागला.

क्लिनिकमध्ये डॉक्टरने तुला विचारलं, कसं लागलं? तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, कपाटाचं दार. त्याने मुद्दाम पुन्हा तुलाच विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "येस. कबर्ड." तीन टाके पडले. आईही गप्प राहिली, कारण मी तिला गप्प राहायला सांगितलं होतं. फेब्रुवारीत तू मेलबर्नला गेलीस.

गेल्या रविवारी जेवताना काका तुझा नवा फोटो पाहत होते. म्हणाले, "कपाटाची खूण राहिलीच की पोरीच्या कपाळावर." आईने वाढता वाढता हात थांबवला. माझ्या कानात ठोके पडायला लागले, अगदी पूर्वीसारखे. पूर्वी मी अशा वेळी विषय बदलायचो, नाहीतर ओरडायचो. मी श्वास सोडला. आठपर्यंत. पुन्हा एकदा. धडधड पूर्ण थांबली नाही, पण मधे थोडी जागा झाली.

मग म्हणालो, "दादा, कपाट नव्हतं. मी तिला फोन फेकून मारला होता. आणि तिला खोटं बोलायला लावलं."

काकांनी फोटो बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हे तिला सांगितलंस?"

"तिला माहीत आहे."

"तिला माहीत आहे ते नाही विचारलं. तू सांगितलंस का?"

शैलाकाकू उठून आईजवळ जाऊन बसल्या. जेवण तसंच राहिलं.

म्हणून हे पत्र. फोन फेकला तो हार्मोनने नाही, मी फेकला. त्या हार्मोनच्या पायी हजारो माणसांना धडधडतं, ती पोरीवर हात उगारत नाहीत. माझं चुकलं, जाई. मारलं ते चुकलं, आणि तुझ्या तोंडून खोटं वदवलं ते त्याहून जास्त.

डिसेंबरच्या पदवीदान समारंभाला तू आईला एकटीला बोलावलंस. ते योग्यच आहे. ते बदलावंस म्हणून मी हे लिहीत नाही, आणि आईलाही तुझ्याकडे शब्द टाकायला सांगितलेलं नाही. तुला कोणी त्या खुणेबद्दल विचारलं, तर खरं ते सांग. माझी काळजी करू नकोस. काकांना कळलंय, उरलेल्यांना मी सांगेन.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

जो शब्द तू पावणेतीन वर्षांत उच्चारलेला नाहीस, तो इथे फक्त सही म्हणून लिहितो,

बाबा