डब्याच्या बदल्यात

नगर, दुपार
(अहिल्यानगर लिहायला हवं, ठाऊक आहे; पण तू मला अजून नगरच्याच पोरांत मोजतोस.)

प्रिय मित्र गहिनीनाथ यास शामकांतचा सप्रेम नमस्कार.

आईचे गुडघे कसे आहेत? तेल सोडून गोळ्या सुरू केल्या, की गोळ्या सोडून तेल? त्यांना नमस्कार सांग, आणि पुढचं त्यांच्यापुढे मोठ्याने वाचू नकोस; त्या मला अजून कॉलेजातला समंजस मुलगा समजतात. दुकान बरं चाललं असेल. (समोर बाजारच्या दिवशी जुन्या कपड्यांचे ढीग अजून लागतात ना? सहज विचारतो.) फोनच करणार होतो, पण सध्या आमच्या घरात एकांतात बोलायला संडास एवढी एकच जागा आहे आणि तिथेही बाहेरून दार वाजतं. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो मोबाईलवर पाठवतो आहे.

माझी धाकटी बहीण मोनिका आणि मेहुणे अमृतराव जर्मनीहून आल्याचं तुला कळवलं होतं. कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर त्यांना दत्तक मुलगी मिळाली. नंदिनी, चार वर्षांची. परवा तिला संस्थेतून घरी आणलं आणि उद्या रात्री मुंबईहून विमान आहे. तेव्हापासून घराचं गोदाम झालं आहे. अमृतराव बॅगा वजनकाट्यावर चढवतात आणि कुरडया बाहेर काढतात, शोभा त्याच कुरडया दुसऱ्या बॅगेत घालते. पोरीचा पासपोर्ट नवा, म्हणून शोभाने तो देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. मी ओल्या फडक्याने पुसायला गेलो, तर बोटभर कुंकू तळहाताएवढं झालं. (सुदैवाने कव्हरवरच.) त्यानंतर मला कोणी कशाला हात लावू देईना. "तुम्ही आपलं बसा हो," शोभा म्हणाली. "दादा, तू डायरी लिही," मोनिका म्हणाली.

नुसतं बसायची लाज वाटली, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. काल सकाळी प्रवासाचे लाडू झाले, पण न्यायला डबा नव्हता. तेवढ्यात फाटकाशी बोहारीण आली, तुमच्या तिसगावची भागूबाई. मी माझे जुने शर्ट आणि एक पँट घेऊन गेलो. जन्मात घासाघीस केली नव्हती; फार गोड लागली. मी घट्ट झाकणाचा, कडीचा स्टीलचा डबा पसंत केला. "दादा, ही प्यांट गुडघ्यात इरलीय. एवढ्यात डबा न्हाई परवडत. आनखी कायतरी टाका." मी मागे वळून दोरीवरचं एक फडकं ओढलं आणि तिच्या ढिगावर टाकलं. डबा मिळाला.

ते फडकं नव्हतं. तो संस्थेत नंदिनीला सांभाळणाऱ्या मुक्ताबाईंच्या लुगड्याचा तुकडा होता, विटका जांभळा, हिरव्या काठाचा. येताना गाडीत पोर मागे माझ्याशेजारी होती. मोनिका पुढे, मांडीवर कागदांची फाईल आवळून. पोरीने तो तुकडा नाकाशी धरला आणि झोपली, हे फक्त मी पाहिलं. घरी आल्यावर शोभाने तिच्या कपड्यांबरोबर तोही धुतला. आता प्रामाणिकपणे लिहायचं तर, ओढताना मी तो ओळखलाच नाही असं म्हणता येणार नाही. क्षणभर ओळखला होता. पण भागूबाई डबा पुन्हा टोपलीत ठेवायला निघाली होती. (हे वाक्य खोडून पुन्हा लिहिलं, तरी तेच उरतं.)

कालपासून नंदिनी नीट झोपलेली नाही. रडत नाही, बोलतही नाही. एकेका बॅगेची चेन उघडते, आत पाहते, पुन्हा नीट लावते. आज सकाळी माझ्या शर्टाचा खिसाही पाहिला. ओट्याशी उभी राहून मोनिका म्हणाली, "वहिनी, हिला आम्ही नको आहोत. उगाच ओढून नेतोय आम्ही हिला." अमृतराव वजनकाट्यावर नुसतेच उभे होते, बॅगेशिवाय. विषय बदलावा म्हणून शोभा डबा पुसत म्हणाली, "ह्यांनी पहिल्यांदा काहीतरी धड आणलं बघा," आणि गहिनीनाथ, मी मान डोलावली.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवावा असं मी काही केलेलं नाही.

तुझा
शामकांत

ता. क. खरं काम हे आहे. उद्याच्या बाजारात भागूबाई तुझ्या दुकानासमोर ढीग मांडेल. विकायच्या आत तिला गाठ. जांभळा तुकडा, हिरवा काठ. मिळाला की पहिल्या एसटीने माझ्या नावाने पाठव, आत काय आहे ते कोणाला न सांगता. वाऱ्याने उडून शेजारी पडला होता, असं मी घरात सांगेन.

दुसरा ता. क. वरचं वाऱ्याचं वाक्य लिहिलं आणि पेन पुढे सरकेना. उठून ओट्याशी गेलो, सगळं सांगितलं. शोभा जे बोलली ते लिहीत नाही. मोनिका ओरडली नाही. "म्हणजे ती तेच शोधतेय?" "हो." "आम्ही नको, असं नाही ना रे दादा?" "नाही गं." मग ती हसत होती की रडत होती ते मला अजून नक्की सांगता येत नाही. अमृतरावांनी गाडीची किल्ली उचलली. शोभाने लाडू परातीत ओतले.

तिसरा ता. क. करंजीचा घाट चढतो आहोत, अक्षर सांभाळून घे. फोटो पाठवलेच नाहीत. पत्र मीच तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत पायरीखाली उभा राहीन. मग भागूबाईचं घर दाखव. मामाने तुकडा देऊन डबा आणला, आता डबा देऊन तुकडा आणायचा, असं मोनिकाने पोरीला समजावलं आहे. ती माझ्याशेजारीच बसली आहे, रिकामा डबा मांडीवर घेऊन, झाकण दोन्ही हातांनी दाबून. वळणावर डबा घसरला म्हणून मी हात पुढे केला, तर तिने तो पोटाशी घेतला आणि कालपासून पहिल्यांदा बोलली. "तू नको धरू."