गाजरांमागे कोण आहे?

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. थंडीत तुझे गुडघे कुरकुरत असतील आणि भावोजींचा खोकला नेहमीसारखा घर हलवत असेल, म्हणजे तिकडे सगळं ठीक आहे असं धरून चालतो. मीही बरा आहे. निदान बरा नाही असं मला कुणी तोंडावर सांगितलेलं नाही, आणि माझा संशय तिथूनच सुरू होतो.

थंडी पडल्यापासून तुझी भावजय माझ्यामागे हात धुऊन लागली आहे. सकाळी गाजर, दुपारी पालक, चहाच्या वेळेला चहाऐवजी सोललेलं संत्रं. ताई, सोललेलं! लग्न झाल्यापासून या बाईनं मला केळंसुद्धा सोलून दिलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "सीझन आहे, खा गुपचूप." जन्मभर बारा महिने बटाटा खाल्ला, तेव्हा कुणाला सीझन आठवला नव्हता. चिरंजीव तर दुकानात माझ्या कापायच्या टेबलावर पेरू ठेवतात आणि मी खातो की नाही, ते शिलाई मशीनमागून बघत बसतात.

त्यात मटार. रोज संध्याकाळी ढीगभर शेंगा माझ्यापुढे ओततात. मी सोलले की ती ते दाणे खिडकीपाशी नेऊन पुन्हा निवडते, चिरंजीवांना काहीतरी दाखवते आणि दोघं माना हलवतात. आधी वाटलं, मी दाणे तोंडात टाकतो असा आळ असेल (टाकतो, पण थोडेच). काल कान देऊन ऐकलं. "आजही अळ्या दिसल्या नाहीत यांना," ती म्हणाली. म्हणजे माझी परीक्षा चालली होती! मग डोक्यात प्रकाश पडला. मध्यंतरी एका वकिलाच्या पँटचा एक पाय आखूड कापला गेला होता (वकीलच तिरका उभा राहतो, असं माझं अजूनही मत आहे). तेव्हापासून या दोघांचा माझ्या कात्रीवर डोळा आहे. खरं सांगू? भीती वाटते गं. कात्री गेली तर दुकानात बसून नुसतं गिऱ्हाइकांना या-बसा करू?

डोळे माझे ठणठणीत आहेत.

तुझा धाकटा

ता. क. भावोजींनी नवा चष्मा केला म्हणे. जुना पडून असेल तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको. पाकिटावर 'बटणं' असं लिही.

आणखी ता. क. उत्तर मोठ्या अक्षरात लिही. मागच्या पत्रात नुसत्या मुंग्या होत्या. हे पत्र इस्त्रीवाल्याकडून टाकतो आहे. विश्वासाचा असा तोच एक उरलाय.

वन्सं, तुमच्या भावजयीचा नमस्कार. इस्त्रीवाला आज आलाच नाही. त्याच्या जागी मफलर गुंडाळून मी इस्त्री करत होते. माझ्याच हातात पत्र कोंबलं आणि म्हणाले, "हिला कळू देऊ नकोस." चष्मा पाठवा, वर 'बटणं'च लिहा. मी काही वाचलेलं नाही. चष्म्याचं नाव काढलं की ताटावरून उठतात, म्हणून तर गाजरं. कात्री त्यांच्याच हातात राहू दे, एवढंच मला हवंय.