वैलावरची धग

आई, आज ऑफिसात दिवसभर तुझा एक शब्द आठवेना. गुरुग्रामला आमच्या प्रयोगशाळेत एक गाडी उभी आहे. तिच्या सायलेन्सरच्या नळीला मी एक डबा बसवलाय. इंजिनातून जो तापलेला धूर नुसताच बाहेर जातो, त्याची धग पकडून हा डबा वीज करतो. तेवढंच पेट्रोल कमी जळतं. कित्येक वर्षं मी या डब्यामागे आहे. आता साहेब म्हणतात, बंद करा. "मॅडम, आगे सब बैटरी पे चलेगा. आग ही नहीं रहेगी तो गरमी किसकी पकड़ोगी?" सोमवारी मला उत्तर द्यायचंय, आणि मी आपली शब्द शोधत बसलेली.

दिल्लीत द्वारकेला घरी परतताना जाममध्ये तो आठवला. वैल. पुढेमागे गाड्या जागच्या जागी धुमसत होत्या आणि मला आपल्या सरकारी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर दिसलं. पोळ्या संपल्यात, गॅस बंद करून तू तापल्या तव्यावर शेंगदाणे टाकतेयस आणि करवादतेस, गॅसला मेला वैल नाही, सगळी धग वाया. मला ऐकू येतं बैल. मग तू समजावतेस: गावाकडे चुलीला लागूनच आणखी एक तोंड असतं, त्याखाली वेगळं लाकूड घालायचं नाही, चुलीतली उरलेली धग आतून तिकडे जाते आणि आमटी गरम राहते. तुझ्या लहानपणी तू घाईघाईने जळतं लाकूड वैलाकडे ओढलं होतंस. चुलीवरचा भात तसाच राहिला आणि आजीने धपाटा घातला. "वैलाने मागायचं नसतं गं, उरेल तेवढंच घ्यायचं," असं सांगून तू हसली होतीस.

मीही तेच केलं. पहिल्या डब्यात हावरटासारखी धग ओढायला गेले, धूर तुंबला, इंजिन गुदमरलं आणि पेट्रोल उलट जास्तच लागलं. तेव्हा तुझं म्हणणं पटलं. पण आज त्याचाच राग येतोय. तूही जन्मभर तशीच राहिलीस, सगळ्यांचं झाल्यावर उरेल तेवढं घेत. मी सोमवारी मागणार आहे. रस्त्यावरच्या या गाड्या काही उद्या भंगारात जाणार नाहीत. त्या जळताहेत तोवर तरी माझं काम चालू ठेवा, असं सांगणार आहे. ऐकतील असं वाटत नाही.

तो शब्द पुटपुटतच घरात शिरले. तुझी नात म्हणाली, "मम्मा, वैल मतलब?" मी ऐटीत कागद ओढून चूल काढली आणि पेन्सिल तिथेच अडली. आई, मी वैल कधी पाहिलेलाच नाही, फक्त तुझ्या तोंडून ऐकलाय. तो चुलीच्या डाव्या हाताला असतो की उजव्या? तू गेलीस, हे विचारायला आता तुझा पत्ता नाही. तिला मी ठोकून दिलं, डाव्या.