पूलवाल्यांचं कपाट

ती. सौ. वहिनींस,

ज्या क्षणी मी पूलवाल्यांच्या कपाटावर माझ्याच हाताने माझ्याच नावाची चिठ्ठी चिकटवली, त्या क्षणी माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं. मुख्य बातमी आधीच देऊन टाकली, म्हणजे आता नमस्कार आणि खुशाली निवांत करता येईल. तर साष्टांग नमस्कार. (खोलीत साष्टांग घालायला जागा उरलेली नाही, का ते पुढे येईलच, उभ्या उभ्याच केला आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? आईची साखर? दादाचं घोरणं कमी झालं असेल अशी आशा करण्यात अर्थ नाही, तरी विचारतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन केला की दादा तो स्पीकरवर टाकतो आणि आई स्वयंपाकघरातून "जेवलास का?" एवढंच ओरडत राहते. मेसेज पाठवला तर दादा तुमच्या मोबाइलवरून तो घरभर मोठ्यांदा वाचून दाखवतो. पाकीट मात्र तो उघडणार नाही. तेवढा आळस त्याच्यात आहे.

माझं म्हणाल तर श्वास चालू आहे, बाकी सगळं बंद. कॉलेज अर्धवट टाकून निघालो तेव्हा बाबांसमोर छाती काढून म्हणालो होतो की परदेशात जाऊन काहीतरी करून दाखवीन. (त्या प्रॅक्टिकलवाल्या सरांशी झालेल्या भांडणात चूक त्यांचीच होती, हे माझं मत आजही कायम आहे.) तर सध्या मी नळ दाखवतो. आमचं दुकान नळ, शॉवर आणि बेसिनचं आहे. भिंतभर चकचकीत नळ, आणि पाणी एकालाही नाही. गिऱ्हाईक येतं, नळ फिरवतं, वाट बघतं आणि मग माझ्याकडे असं बघतं, जणू मीच पाणी पिऊन टाकलंय. एका गृहस्थाने तर भिंतीवरचे सगळे नळ एकामागून एक सोडले आणि एकही बंद केला नाही. माझं डोकं तुम्हाला माहीतच आहे. मी त्यांना शुद्ध मराठीत त्यांच्या अकलेबद्दल माझं मत ऐकवलं. त्यांना शब्द कळले नसतील, पण आवाज कळला. मालकाने मला आत बोलावून हाताने दोनच खुणा केल्या: एक तोंडाकडे, एक दाराकडे. म्हणजे इथली भाषा शीक, नाहीतर चालू लाग.

आता इथली आपली मंडळी कशी आहेत ते सांगतो. नवा माणूस आला की ते त्याला वाटून घेतात. कुणी खोली बघून देतं, कुणी डॉक्टर दाखवतं, कुणी भाषा शिकवतं. मला राहायला मिळाले दोघे. एक काका. (माझ्याहून थोडाच मोठा आहे, पण अकाउंटंट असल्यामुळे आणि बारा महिने हातरुमाल मानेवर ठेवत असल्यामुळे सगळे काकाच म्हणतात.) दुसरा डॉक्टर, जो दवाखान्यातली एक्स-रेची मशिनं दुरुस्त करतो आणि त्या जोरावर कुणालाही कुठलंही औषध सांगतो. आणि भाषा शिकायला मला पाठवलं पूलवाल्यांकडे. पूलवाले म्हणजे इंजिनिअर. एक पूल झाला की दुसरा, असं करत त्यांची इथे वर्षानुवर्षं गेली. त्यांची मुलगी इथेच वाढली. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते आणि इथली भाषा अशी बोलते की रडत आलेली पोरं तोंड उघडतात. रविवारी सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी माझी शिकवणी, समोर पूलवाले पेपर वाचत बसलेले.

वहिनी, मी पहिल्याच रविवारी गेलो. (म्हणजे कामातून गेलो.) तिने मला विचारलं, दुकानात नेमकं काय झालं होतं. मी सांगितलं. ती इतकी हसली की पूलवाल्यांनी पेपर खाली केला. मग म्हणाली, तुझा स्वभाव बघता बाकी भाषा नंतर, आधी तू एकच वाक्य शीक: माफ करा, चूक माझीच आहे. ते वाक्य तिने माझ्याकडून किती रविवार घोटून घेतलं म्हणून सांगू! "भुवया खाली घे. माफी मागतोयस, धमकी देत नाहीयेस." "आता हात खिशातून काढ." "हं, आता जरा माणूस वाटलास." आज ते वाक्य मी इतकं गोड म्हणतो की लोकांना वाटतं मी इथलाच. बाकी भाषा मला येत नाही. पण दुकानात माझी बढती झाली. मालक आता तक्रारवाली गिऱ्हाइकं माझ्याकडेच पाठवतो.

आणि मग बातमी आली की पूलवाल्यांना कंपनीने परत बोलावलंय. कायमचं. बिऱ्हाड उचलून सगळी निघणार. त्या दिवशी मी जेवलो नाही. डॉक्टरने जीभ बघितली आणि जंताचं औषध सांगितलं.

आता इथली एक रीत सांगितली पाहिजे, जी मला तोपर्यंत कुणी सांगितली नव्हती, आणि याबद्दल मी काका आणि डॉक्टर दोघांनाही मरेपर्यंत क्षमा करणार नाही. आपल्यातलं एखादं बिऱ्हाड परत निघालं की घरातल्या वस्तू विकत नाहीत, वाटतात. ज्याला जे हवं त्यावर त्याने आपल्या नावाची चिठ्ठी लावायची, आणि नव्या माणसाचा मान मोठा. पण तोंडाने मागायचं नाही. चहाला जायचं, गप्प बसायचं, सुस्कारा सोडायचा, "तुम्ही चाललात, फार वाईट वाटतंय" म्हणायचं आणि खाली बघायचं. यजमान समजतात आणि वस्तू दाखवायला आत नेतात.

मी इस्त्रीचा शर्ट घालून तिला मागणी घालायला गेलो. चहाला गेलो, गप्प बसलो, सुस्कारा सोडला, "तुम्ही चाललात, फार वाईट वाटतंय" म्हणालो आणि खाली बघितलं. कुणी शिकवून पाठवलं असतं तरी इतकं बिनचूक जमलं नसतं. वर आणखी म्हणालो, "तुमच्याकडे काही मागायचं होतं, पण धीर होत नाही." पूलवाल्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अरे, लाजतोस काय? सगळे येऊन गेले. तूच राहिला होतास."

सगळे! माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो आणि विचारलं, कोण कोण आलं होतं. तर म्हणे अकाउंटंट येऊन गेला, डॉक्टर तर बायको तिकडे देशात असताना दोनदा येऊन गेला! घरी जाऊन दोघांपैकी आधी कुणाला बदडायचं याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात पूलवाल्या काकू आतून म्हणाल्या, "त्या अकाउंटंटला सांग, मिक्सरचं झाकण राहिलंय इथेच." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण तोवर पूलवाल्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मी आतल्या खोलीत तीन दारांच्या लाकडी कपाटासमोर उभा होतो. "तुझ्यासाठी राखून ठेवलंय हो. पुढे संसार मांडशील तेव्हा उपयोगी पडेल." आरशात मला माझं तोंड दिसत होतं. ते मी विसरणार नाही.

आणि ती आली. हातात कोरी चिठ्ठी आणि पेन. माझ्या शर्टाकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं आणि म्हणाली, "तूही यासाठीच आला होतास होय?" हसत नव्हती, वहिनी. एरवी माझ्याकडे बघून ती हसली नाही असं कधी झालंच नव्हतं. त्या वेळी नुसतं "नाही" म्हणायचं होतं. एक शब्द. आणि माझ्या तोंडून घाबरून तेवढंच बाहेर पडलं जे मला धड येतं, इथल्या भाषेत: माफ करा, चूक माझीच आहे.

"उच्चार सुधारलाय," ती म्हणाली आणि पेन पुढे केलं.

मी नाव लिहिलं. चिकटवलं.

कपाट आणलं त्या दुपारचं काय सांगू. लिफ्टमध्ये ते मावेना म्हणून जिन्याने निघालं आणि आमच्या मजल्याच्या खालच्या वळणावर अडकलं ते पुढेही जाईना, मागेही येईना. मी वरच्या बाजूला, काका खालच्या, आणि डॉक्टर मध्ये भिंत आणि कपाट यांच्यात सपाट. (आतूनच सूचना देत होता.) मला इतका संताप आला की मी कपाटाला लाथ घातली. माझाच अंगठा सुजला, कपाट ढिम्म. तेवढ्यात कुठून कुठून आपली मंडळी आली, कुणी दोर आणला, कुणी चहा, कुणी मुलं, आणि कपाट निघेपर्यंत जिन्यात अशी मैफल रंगली की इतरांसाठी तो वर्षातला उत्तम दिवस ठरला. डॉक्टरला बाहेर काढल्यावर तो पहिलं वाक्य काय बोलला? "याने मुलगी मागितली असती तर उचलायला तरी हलकी होती." सगळी हसली. कारण त्यांना सगळ्यांना माहीत होतं, वहिनी! मी एवढं लपवत होतो, आणि या गावातल्या प्रत्येक आपल्या माणसाला माझं प्रेम माहीत होतं. मला रडू आलं. काकाने न बोलता मानेवरचा हातरुमाल काढून दिला. (ओला होता, पण दिला.)

आता कपाट खोलीत आहे आणि आम्ही उरलेल्या जागेत. ती त्यानंतर चारदा फोन करून म्हणाली की कपाटाची किल्ली राहिलीय, न्यायला ये. मी मानी माणूस. मी सांगितलं, काही गरज नाही, उघडंच ठेवतो. हे ऐकून डॉक्टरने कपाळावर हात मारला. "गाढवा, किल्लीसाठी कुणी चार फोन करतं का?" तेव्हापासून मी पुन्हा जेवत नाही. आज संध्याकाळी त्यांचं विमान आहे. निरोप द्यायला मी जाणार नाही असं जाहीर करून बसलोय. जाऊन करू काय? सगळं संपलं आहे. आई विचारेल, तिला सांगा मजेत आहे.

तुमचा,
नळवाला दीर

ता. क. खरं तर एवढं सगळं लिहिलं ते एका कामासाठी. पूलवाले आता तुमच्या माहेरच्या गावीच बिऱ्हाड करणार आहेत. तुम्ही माहेरी जाल तेव्हा त्यांच्याकडे जा, गुडघ्याचं निमित्त करा, काकूंकडे तेल असतं. आणि माझ्या वतीने मुलीचा विषय काढा. मात्र सुस्कारा सोडू नका आणि खाली बघू नका, नाहीतर तुम्हालाही एखादं टेबल घेऊन यावं लागेल. पहिल्या वाक्यातच सांगा की मुलगी हवी आहे. कॉलेजचं विचारलं तर खोकला आल्यासारखं करा.

ता. क. आणखी. वरचं डॉक्टरने माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणाला, वहिनींचा गुडघा बरा होऊन त्या माहेरी जाईपर्यंत तिचं लग्न होऊन पोरं शाळेत जातील. ती अजून याच गावात आहे, तुला तोंड आहे, काका टॅक्सी थांबवून खाली उभा आहे. मी म्हणालो, ती नाही म्हणेल. तो म्हणाला, म्हणेल बहुतेक. (याला मित्र म्हणायचं!) तेव्हा वहिनी, वरचं काम तूर्त राहू द्या. नको, राहू देऊ नका. काय ते तुम्हीच ठरवा. किल्लीचं नाव मी काढणार नाही. तिच्या बाबांसमोर, तिच्या तोंडावर, मराठीत विचारणार. अंगठा अजून बुटात जात नाही, चपलांवरच निघालोय. पाकीट डॉक्टर पेटीत टाकेल. दार मी ओढून घेतोय.