सुटलेल्या दोन तारा

आई, तुझा जुना लॅपटॉप आज दुपारी बाहेर काढला. तू गेल्यापासून नऊ वर्षं तो माझ्या नागपूरच्या घरी कपाटात, तुझ्याच साड्यांखाली पडून होता. त्यातले फोटो हवे होते. चालू झाला, पण वायफाय टिकेना. राऊटरला खेटून ठेवला की लागायचं, स्वयंपाकघरात नेला की तुटायचं. वायफायचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, राऊटर बंद करून चालू केला, तरी तेच. शेवटी वैतागून मागचं झाकण उघडलं. वायफायच्या छोट्या कार्डावर दोन बारीक तारा बसवलेल्या असतात, सिग्नल त्याच पकडतात. दोन्ही सुटून बाजूला पडल्या होत्या.

तेव्हापासून मी नुसती उठतेय, बसतेय, गॅलरीत जाऊन परत येतेय. ते झाकण याआधी एकदाच उघडलं होतं. तुला लॅपटॉप द्यायच्या आदल्या दिवशी, पुण्यात, पंख्यातली धूळ काढायला मीच उघडलं होतं.

मी तेव्हा पुण्यातच होते. दर रविवारी इकडे नागपूरजवळ, कोराडीच्या क्वार्टरमध्ये तू दाराजवळ फरशीवर बसून माझ्याशी व्हिडिओवर बोलायचीस, चपलांच्या रॅकला टेकून. राऊटर तिथेच वर भिंतीवर होता. गुडघे दुखायचे तुझे, मधूनच पाय लांब करायचीस, की स्क्रीनवर नुसतं छत दिसायचं. मी चिडायचे. "आई, चपलांपाशी काय बसतेस? आत खुर्चीवर बस ना."

"इथंच लागते वं ते. आत नेलं का बंद पडते. मले काहून बोलून राहिली?"

मग मी तुला समजवायचे, लहान मुलीला समजवावं तसं. वायफाय घरभर असतं, तूच काहीतरी भलतं बटण दाबत असशील. पुढच्या रविवारी तू पुन्हा तिथेच बसायचीस. एक दिवस म्हणालीस, "राहू दे तो डब्बा. आपण फोनवरच बोलू." मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर चार महिने मी तुझा चेहरा पाहिला नाही. फोनवर आवाज तर ठणठणीत असायचा. तू किती वाळली होतीस, ते थेट दवाखान्यात दिसलं.

आज त्या तारा कार्डावर ठेवून अंगठ्याने दाबल्या. टक्‌ करून बसल्या. दोन मिनिटांचं काम. लॅपटॉप घेऊन घरभर फिरले, अगदी न्हाणीघरापर्यंत. कुठेच तुटलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगते. मामीच्या ऑपरेशनचं तू सांगत होतीस त्या रविवारी मध्येच सगळं बंद पडलं. तू लगेच फोन केलास. "माझ्याच हातानं काही दाबल्या गेलं वाटते," म्हणालीस. मी "हो" म्हणाले. आई, त्या दिवशी नेट गेलं नव्हतं. मला कंटाळा आला होता, मीच बंद केलं होतं.