सुभद्राची गोळी, सुभद्राची माळ

९ मे १९६५
दुपारी विहिरीवर होतो. बांधावरून हाक आली, 'अहो, भाकर आणली.' मले वाटलं कोणी बाप्या आला. पाहतो तं सु. एवढा घोगरा आवाज झाला बायकोचा, अन् मले आजच उमगलं. लग्नात हिनं उखाणा घेतला तवा सारा मांडव गप झाला होता.
वांग्याच्या वाफ्यात बसली तं उठताना हात द्यावा लागला. तोंड सुजल्यासारखं. डोणगावच्या बाया म्हणतात, सुभद्रा अंगानं भरली, सासर मानवलं. इतक्या वर्षांनी मानवलं काय?

१२ मे
बाहेर वैशाख जाळून राह्यला अन् सु. गोधडी घेऊन पडली. घाम नाही. हात थंड. 'काऊन वं?' तं म्हणे, 'हीव भरलं.' माय आतून बोलली, 'आळसाचं हीव हाय ते!' राग आला. मायले काय बोलता.
विंचरताना केसांचा पुंजका निघतो. मले दिसू नये म्हणून पदरात लपवते. मले दिसते.

२३ मे
अकोल्याले नेली. एस.टी.त सारा वेळ झोपूनच. मोठ्या डॉक्टरांनी गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं. म्हणाले, 'गळ्यात एक ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला की सगळं शरीर मंदावतं. हा आळस नाही.' म्हटलं, साहेब, पुन्हा एकदा सांगा. मायले जसंच्या तसं सांगायचं होतं.
कशानं झालं? तिचं माहेर विचारलं. वरवट बकालच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याले. तिच्या आत्याचा गळा तं लग्नातही दिसे, हा एवढा फुगलेला. डॉक्टर: 'तिकडच्या मातीत-पाण्यात आयोडीन कमी असेल. किंवा घराण्यातच असेल. नक्की नाही सांगता येत.' गोळी रोज, उपाशीपोटी. बहुतेक जन्मभर.
परतीत सु. म्हणे, 'पाणी तं साऱ्या गावानं पेलं. मग मीच काऊन?'
मी खिडकी लावून घेतली.

१३ जून
गोळीचा नेम झाला. सकाळी तुळशीले पाणी, गळ्यातल्या तुळशीच्या माळेले हात, मग गोळी. माळ तिच्या बापानं घातलेली, मरायच्या आधी. तवापासून मटणाच्या भांड्याले हात नाही. माझं मटण धाकट्या भावाकडं, किसनकडं चालते. त्याचं घर समोरच. तिथून आलो की आंघोळीबिगर ही आत घेत नाही.

४ जुलै
घाम आला! मेथी निंदता निंदता कपाळ डबडबलं. 'पाहा, पाहा' करून मले दाखवून राह्यली, पोरीवाणी. माय म्हणे, 'आली बाप्पा माह्यी सून परत.' आळसाचं कोण बोललं होतं ते मायच्या ध्यानातच नाही.
आवाजही मोकळा होऊन राह्यला. बैलाले शिव्या देते ते विहिरीपर्यंत ऐकू येते.

१८ जुलै
पुन्हा अकोला. डॉक्टर खूश. गोळी वाढवली. छातीत धडधडलं तर लगेच या, म्हणाले. सु. बाहेर चपला घालत होती, मी सहज विचारलं, गोळी कशाची असते? 'जनावराची ग्रंथी वाळवून करतात.' कोणत्या? 'ते कंपनीला माहीत.'
दुसरं काही औषध? 'परदेशात आलंय म्हणतात. इथं हेच मिळतं.'
एस.टी.त सु. खारे दाणे खात होती. अर्धे माह्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले.

२५ जुलै
सांगावं तं गोळी सोडन. न सांगावं तं तिच्या बापाची माळ रोज सकाळी मीच बाटवून राह्यलो. दोन्हीकडून मीच.

८ ऑगस्ट
श्रावण. आज उपास धरला. हातात गोळी घेऊन इचारते, 'उपासाले चालते ना हो हे?'
हाव म्हणायचं होतं.
सारं सांगतलं. रडली नाही. 'तुमाले कवापासून ठाव?' अकोल्यापासून, म्हटलं. गोळी बाटलीत टाकली. माळ तुळशीपाशी धुतली, किती वेळ धुतली. मग साबुदाणा केला. माह्यं ताट मायच्या हातून धाडलं.

१५ ऑगस्ट
बाटली फळीवर तशीच. माय मले बाजूले घेऊन म्हणे, 'मी भाकरीत कालवून देतो, तिले काय समजते?' म्हटलं, नाही माय. एकदा लपवलं तेवढं पुरे. माय म्हणे, 'मंग मरू देतं काय लेकरू?' मायचे डोळे भरले होते. माझेही.

२१ ऑगस्ट
गोधडी निघाली. आवाज पुन्हा जाड. भाकर थापता थापता बसल्या जागी डोळा लागला, तव्यावरची करपली.
रात्री म्हटलं, 'अवं, मले माळ नाही समजत, बापाचा शब्द नाही समजत. मले तू पाह्यजे.' असं कधी बोललो नव्हतो. तोंड फिरवून घेतलं तिनं. झोपली नव्हती.

२६ ऑगस्ट, पोळा
बैल दारात आले. ओवाळता ओवाळता तिले खाली बसावं लागलं. लोकांदेखत. ताट मायनं धरलं.
सांजेले हाक मारली, तुळशीपाशी. माळ काढून हातात धरली होती. गळा उघडा, कसातरीच दिसला.
'माह्या बापानं सांगतलं, हे माळ रिकामी राहू द्यायची नाही. कोणाच्या तरी गळ्यात पाह्यजे.'
'हाव.'
'मले जगायचं हाय. माह्या गळ्यातून गोळी उतरन. मंग माळ तुमी घाला.'
मले वाटलं थट्टा. नव्हती.
'उद्या पोळ्याची कर हाय, घरोघरी मटण शिजन, ठाव हाय ना?' म्हणे. 'मागून रडू नका.'
मान खाली केली. तिनं घातली. माय दारातून पाहत होती, म्हणे, 'किसन्याले काय सांगशीन रे?'

२७ ऑगस्ट, कर
सकाळी सु.नं गोळी घेतली. डोळे मिटून, पाण्याचा मोठा घोट. तुळशीकडं पाठ करून. माळेची सवय, हात गळ्याकडं गेला, काही नव्हतं, तसाच खाली आला. मले लय वाईट वाटलं.
साऱ्या श्रावणाचा मटणाले उपाशी मी, अन् किसनच्या घरून रस्स्याचा वास. किसन बोलवाले आला. माळ पाहून आधी हसला, मग हसला नाही. 'कवापर्यंत?' म्हणे.
ते सु.लेच इचारावं लागन. बरी झाल्यावर परत मागते का, मागितली तं गोळीचं काय. डॉक्टर जन्मभर म्हणाले आहेत. आज नाही विचारत.
तिनं आतून हाक मारली, 'अहो, जेवाले या, वांग्याची भाजी हाय.' आवाज घोगराच. मी लगेच उठलो.