बेताची राळ आणि सात दावे

ती. ताईला,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं आज टेकली आहेत. उरलेली तीन जरा उतार पडला की पाठवतो.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू लागलीस का? भाची सांगते की तू बरी आहेस, पण तिच्या 'बरी'वर माझा भरवसा नाही. लहानपणी अंगात ताप असतानाही ती 'मी बरी आहे' म्हणून खेळायला पळायची. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझी भावजय कालपासून माझ्याशी पुन्हा बोलायला लागली आहे, त्याचा खुलासा पुढे येईलच.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून हे पत्र. का घेत नाहीस तेही आता कळलं. मी तुझ्या नावाने सात दावे टाकले आहेत अशी बातमी तुझ्या कानावर आली. बातमी खरी आहे. दावे सातच आहेत, तुझ्याच नावाने आहेत आणि वकिलामार्फत आहेत. पण ताई, ते कोर्टातले दावे नव्हेत गं. दुकान, मागची खोली, अण्णांची अवजारं, कशाच्याही वाटणीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पेटंटच्या अर्जात आपला शोध नेमका कोणता आणि त्यातलं आपलं किती, हे ज्या वाक्यांत सांगायचं असतं, त्या वाक्यांना दावे म्हणतात. (हे नाव ज्याने ठेवलं त्याला बहीण नसावी.) झालं असं, की मी दुकानातून वकिलांशी फोनवर बोलत होतो. ते कमी ऐकतात म्हणून मी ओरडून बोलतो. 'ताईच्या नावाने सातही टाका, एकही सोडू नका' असं मी म्हणायला आणि तुझी भावजय चहा घेऊन दारात यायला एकच गाठ पडली. चहा तिथेच ठेवून ती आत गेली आणि तिने भाचीला फोन लावला. पुढचं तुला माहीत आहे. मला मात्र पुढचं माहीत नव्हतं, त्यामुळे भाजीत मीठ का नाही हे मी बरेच दिवस विचारत राहिलो. शेवटी मी तिच्यापुढे अर्जच धरला. तिने पहिला दावा वाचला आणि म्हणाली, यापेक्षा तुम्ही फिर्याद केली असती तर बरं झालं असतं.

आता तू विचारशील, शोध कसला? अगं, तुझं मलम. तारा जोडायला कथलाचा डाग देताना लावायचं ते. श्रवणयंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याची माणसं दुकानात आली होती, एक डबी घेऊन गेली आणि आठवड्यात परत येऊन म्हणाली की असं दुसरीकडे मिळत नाही, पेटंट घेऊन टाका, नाहीतर कोणीतरी उचलेल. शोध तुझा, म्हणून अर्ज तुझ्या नावाने. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तू चष्मा न लावता ज्या कागदावर सही केलीस आणि 'गॅसचं का रे?' असं विचारलंस, तो हा कागद. मी 'हो, तसंच काहीतरी' म्हणालो, कारण तुला समजावून सांगण्यापेक्षा पेटंट मिळवणं सोपं.

अर्जात शोधाची हकीकत लिहायची असते. ती लिहायला बसलो आणि ताई, माझी लेखणी चालेचना, कारण ती मागची खोली डोळ्यांपुढून हलेना. पुढे दुकानात अण्णा पोट उघडलेल्या रेडिओत डोकं घालून बसलेले. बाजारच्या पेस्टने डाग दिला की त्याखाली तपकिरी चिकटा राहायचा, वर्षभरात तार हिरवी पडायची आणि तोच रेडिओ परत यायचा. गिऱ्हाईक परत येतं याचा दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता, अण्णांना तोंड लपवायला जागा पुरायची नाही. तेव्हा तू मागे दांडा तुटलेल्या पातेल्यात राळ वितळवायला घेतलीस. (त्या पातेल्यात एकदा आईने चुकून दूध तापवलं होतं. ते दूध आपण प्यायलो आणि दोघंही दिवसभर नव्या लाकडी कपाटासारखे वास मारत होतो.) तू वेणीला रिबिनीऐवजी लाल वायर बांधायचीस. मी धूर जावा म्हणून दार धरून उभा, आणि आत काय चाललंय ते पाहण्याच्या नादात दार दर वेळी सोडून देणारा. पुढून अर्धा दुरुस्त झालेला एखादा रेडिओ मधूनच दोन ओळी गाऊन गप्प बसायचा आणि उरलेलं गाणं तू पुरं करायचीस, चुकीच्या शब्दांनी. मला ती खोली फार आठवते, ताई. हल्ली तिथे मी रिकामी खोकी ठेवतो.

बरं, दाव्यांचं. वकील म्हणाले, शोध लावणाऱ्याच्या शब्दांत लिहून आणा, मी त्याला कायद्याचे कपडे चढवतो. मी तुझे शब्द जसेच्या तसे नेले: बेताची राळ, जरासं मेण, पुरेल इतकं एरंडेल, आणि चमच्याला धरेपर्यंत ढवळणे. वकिलांनी कपडे चढवले. 'बेताची राळ' ही 'बेताच्या प्रमाणात असलेली राळ' झाली आणि 'जरासं मेण' हे 'सुमारे जरासं मेण' झालं. चौथ्या दाव्यात आपण वापरतो ती डागाची तार घातली: शिसं इतकं, बाकी सगळं कथील, शिवाय लागेल ते. सहावा दावा होता 'सातव्यात सांगितल्याप्रमाणे' आणि सातवा होता 'सहाव्यात सांगितल्याप्रमाणे, पण अधिक चांगलं'. मला वाचताना छातीवर पदक लावल्यासारखं वाटत होतं. अण्णा असते तर पेढे आणले असते, असंही मी वकिलांना म्हणालो.

मग परीक्षक बाईंचं उत्तर आलं. पेटंटच्या कचेरीत अर्ज तपासणाऱ्या या बाई. (मी त्यांना अजून पाहिलं नव्हतं, पण पहिल्या पानावरच मी त्यांना चिडक्या, चष्म्यातल्या आणि बिनलग्नाच्या ठरवून टाकलं होतं.) बेताची म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं होतं. जरासं याला वरची मर्यादा आहे का, आणि असल्यास 'सुमारे'मुळे ती ओलांडली जाते का? बाकी सगळं जर कथील आहे, तर लागेल ते कुठे मावणार? सहावा आणि सातवा दावा एकमेकांकडे बोट दाखवतात, तर प्रत्यक्षात मागणी कशाची आहे? हे सगळं मी एकवेळ गिळलं असतं, पण पहिल्या दाव्याचा शेवट मी फार अभिमानाने केला होता: 'जे वापरल्यास डाग राहत नाही.' त्यावर बाईंनी लिहिलं होतं की अर्जदाराने हकिकतीत सगळीकडे डाग हा शब्द तारांच्या जोडासाठी वापरला आहे, डाग देणे, डाग पक्का बसणे, डाग निसटणे. तेव्हा जे लावल्यावर जोड टिकतच नाही अशा जोडकामाच्या पदार्थावर अर्जदार हक्क सांगत आहे. हा गुण साध्या पाण्यातही आढळतो.

मी दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी दावा पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की बाईंचं बरोबर आहे. आपल्या घरात एकच शब्द दोन्हीकडे राबायचा. अण्णा जोड उजेडाकडे धरून म्हणायचे, डाग बघ कसा बसलाय, आणि डाग म्हणशील तर नाही. तुला कळायचं, मला कळायचं, गिऱ्हाईकालाही कळायचं. कोणी कधी 'म्हणजे कोणता?' असं विचारलं नाही. आपल्याकडे सगळंच असं चालायचं. 'ते घे, तिकडे ठेव, त्याला सांग' एवढ्यावर अण्णांनी संसार केला.

शेवटी मी कचेरीत गेलो. बाई चिडक्या नाहीत, चष्मा नाही, आणि टेबलावर दोन मुलांचा फोटो आहे. त्यांनी खुर्ची दिली आणि विचारलं, हे तुम्ही स्वतः कधी करून पाहिलंय का? मी 'म्हणजे काय' असं उत्तर दिलं, ज्याचा खरा अर्थ 'नाही' असा होता. मग घरी येऊन करून पाहिलं. पहिलं मलम काचेसारखं घट्ट झालं आणि तुझ्या भावजयीचा लाडका चमचा त्यात उभा राहिला तो राहिलाच. दुसरं इतकं पातळ झालं की त्यावरून मांजर घसरलं. तिसऱ्याचा वास अगदी आपल्या खोलीचा आला, मी डोळे मिटून पातेल्याजवळ उभा राहिलो, पण तार त्याला हुंगेना. मी बाईंना जाऊन खरं ते सांगितलं की बेताची म्हणजे किती हे फक्त माझ्या बहिणीच्या हाताला ठाऊक आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, मग बहिणीला आणा, शेजारी वजनकाटा ठेवा, आत जाण्याआधी प्रत्येक वस्तू तोला आणि आकडे लिहून द्या. महिनाअखेरपर्यंत उत्तर नाही आलं तर अर्ज निकालात निघेल.

तर असं आहे, ताई. वजनकाटा आणला आहे. खोलीतली खोकी काढून झाडलोट केली आहे, बसून ढवळता येईल अशी उंच खुर्ची आणली आहे, त्यामुळे गुडघ्याची सबब चालणार नाही. तू यायचंस, एकदा मलम करायचंस, आणि मी आकडे लिहायचे. तू आली नाहीस तर तुझा शोध गेला. भाचीला, जावयांना आशीर्वाद. तुझी भावजय नमस्कार सांगते आणि चमचा सोडवायची युक्ती विचारते.

तुझा,
धांदरट

ता. क. वकील म्हणतात, दावा हा शब्द त्यांनाही आवडत नाही, पण फी त्यावरच ठरते.

ता. क. दुसरा. येताना खिडकीची जागा घे आणि पाय समोर लांब करता येतील असं बघ. स्टेशनवर मी येईन. कंबर सुटली नसली तरी येईन.

ता. क. तिसरा. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त एक राहिलं. तू लेकीकडे राहायला जाताना भरून ठेवलेल्या डब्यांपैकी एक मी प्रयोगशाळेत तपासायला दिला होता. मागच्या आठवड्यात आकडे आले. राळ किती, मेण किती, एरंडेल किती, दशांश चिन्हाच्या पुढेसुद्धा. वकिलांनी त्यावरून सातही दावे नव्याने लिहिले, पहिल्यात आता 'चिकट अवशेष राहत नाही' असं आहे, आणि बाईंना द्यायचं पाकीट चिकटवून माझ्या टेबलावर ठेवलं आहे. म्हणजे तुझ्यावाचून कशाचंही अडलेलं नाही. महिनाअखेरीला मी ते टाकीनच, कारण त्यावर तुझं नाव आहे आणि मला ते छापून आलेलं बघायचं आहे. पण ते गेलं की ते मलम कोणीही काट्यावर तोलून करील, मीसुद्धा करीन, आणि मग तुला फोन करायला मला निमित्त उरणार नाही. तू गेल्यापासून मी कितीदा तरी फोन करून विचारलं की डब्यातलं मलम घट्ट झालंय, काय करू, आणि तू दर वेळी सांगितलंस की जरा गरम कर. ते एकदाही घट्ट झालं नव्हतं. हे पत्र पोचेल त्या संध्याकाळी मी फोन करतो, तेवढा घे. मलम चांगलं मऊ आहे.